ब्रेक दाबला की दिवे उजळतात

मिस्त्रींना विचारा : गाडीच्या वायरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. राळेगाव तालुक्यातल्या एका गावातून लिहितो आहे. बाबा शाळेत मास्तर होते. त्यांनी १९८६ साली घेतलेली पद्मिनी मोटार अजून आमच्या दारात आहे आणि चालतेही. इंजिनच्या फिरण्यावर वीज करून बॅटरी भरणारा मूळचा डायनामो कधीच गेला. बाबांनीच मागे त्याच्या जागी अल्टरनेटर बसवून घेतला. कटआउट, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा डबा, वेगळा आहे, बोनेटखाली मागच्या पत्र्यावर ठोकलेला. गेल्या दिवाळीला नवी बॅटरी टाकली, तर होळीपर्यंत तिच्या दोन्ही बाजू फुगल्या. दर आठवड्याला पाणी टाकावं लागतं. हेडलाइटचा बल्ब दीड-दोन महिने टिकला तर खूप. बॅटरीवर मीटर लावला तर इंजिन चालू असताना १५.२ दाखवतो. तालुक्याला एका मिस्त्रीनं कटआउट बदलला, आकडा तोच. दुसऱ्यानं तो काढून दुसऱ्या कंपनीचा लावला, आकडा तोच. तिसऱ्यानं अल्टरनेटर खोलून कार्बन ब्रश बदलले. आता तो म्हणतो अल्टरनेटरच नवा टाका. शेजारी म्हणतात, कटकट कशाला, एलईडी बल्ब लावून मोकळे व्हा. काय करू?

ता. क. : रात्री वर्ध्याहून परत येताना माझ्या पत्नीच्या लक्षात आलं की ब्रेक दाबला की हेडलाइट थोडे जास्त उजळतात. मला तर तो भास वाटला.

उत्तर : भाऊ, आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. भास नाही तो. तुमच्या अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते सगळ्यात खाली, ताजा कलम म्हणून टाकलं. तीन मिस्त्री झाले, दोन कटआउट झाले, पण रात्रीच्या वेळी शेजारच्या सीटवर बसून कोणी गाडीकडे पाहिलं नाही.

ब्रेक दाबताना काय होतं ते पाहा. पाय रेसवरून उठतो, इंजिनचे फेरे कमी होतात, वरून मागचे दोन ब्रेकलाइट लागतात, म्हणजे २१-२१ वॅटचे दोन बल्ब, साडेतीन अँपिअरचा वाढीव बोजा. फेरे कमी अन् बोजा जास्त. अशा वेळी दिवे थोडे मंद व्हायला पाहिजेत. तुमचे उजळतात. म्हणजे बोजा वाढला की तुमचा अल्टरनेटर व्होल्टेज खाली येऊ देण्याऐवजी वर नेतो. अल्टरनेटर बिघडला म्हणून तो असं करत नाही. त्याला कोणीतरी खोटा आकडा सांगून राहिलं आहे.

ही गोष्ट कापूसवाल्याला लगेच कळेल. समजा काटाच कमी दाखवतो. तुम्ही माल टाकता, काटा म्हणतो अजून कमी आहे. तुम्ही अजून टाकता. काट्यावर क्विंटल भरेपर्यंत खरा माल क्विंटलच्या कितीतरी वर गेलेला असतो. कटआउट म्हणजे असाच काट्याकडे पाहून माल टाकणारा माणूस. त्याला बॅटरी दिसत नाही. त्याच्या एका टर्मिनलला चाबीच्या स्विचमधून, फ्यूजमधून फिरून आलेली एक वायर असते, त्या वायरच्या टोकाला जेवढे व्होल्ट पोहोचतात तेवढेच त्याला दिसतात. ते १४.२ झाले की तो थांबतो. आता त्या वाटेत कुठे १ व्होल्ट गळत असेल, तर कटआउटला १४.२ दिसेपर्यंत बॅटरीवर १५.२ झालेले असतात. कटआउट आपलं काम इमानदारीनं करून राहिला आहे. म्हणूनच तो दोनदा बदलूनही आकडा हलला नाही.

अन् ब्रेकचं कोडं असं सुटतं : तुमच्या गाडीत ब्रेकलाइट आणि कटआउट दोघांनाही त्याच वाटेनं करंट जातो. ब्रेक दाबला की त्या वाटेवरून साडेतीन अँपिअर जास्त वाहतात, म्हणजे गळती वाढते, म्हणजे कटआउटला अजून कमी दिसतं, म्हणजे तो अजून जोर लावतो. दिवसा उभ्या गाडीत बॅटरीवर मीटर लावून, इंजिनला थोडी रेस देऊन कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. १५.२ चे १५.६-१५.७ झालेले दिसतील. वायपर, इंडिकेटर चालू केले तरी तोच तमाशा होईल, तेही त्याच वाटेवर असतील तर.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. १९९२ च्या आसपास हिंगणघाटला दुकान नवीनच टाकलं होतं, तेव्हा एका काळी-पिवळी टॅक्सीवाल्यानं माझ्याकडे जीप आणली. सवारी भरून रोज दोन-तीन फेऱ्या. आठवड्याला एक बल्ब उडायचा. मी कटआउट बदलला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा दारात. दुसरा बदलला. मग तिसरा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मिस्त्री, घरी कटआउटचं झाड लावलं काय तुम्ही?" मला राग आला, पण उत्तर नव्हतं.

नशिबानं त्याच आठवड्यात माझे उस्ताद एका लग्नाला गावात आले होते. नागपूरला मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. कपड्याला इस्त्री, पायात नवी चप्पल, तशाच अवतारात ते बोनेटमध्ये डोकावले. इंजिन चालू, हेडलाइट चालू. त्यांनी हातभर वायर घेतली, कटआउटची चाबीकडून आलेली वायर काढून बाजूला केली, अन् आपल्या वायरनं बॅटरीचा प्लस थेट त्या टर्मिनलला टेकवला. हेडलाइट पाहता पाहता पिवळसर झाले. इंजिनचा आवाज हलका झाला, ओझं उतरल्यावर बैलाचा श्वास बदलतो तसा. नंतर आम्ही चाबीचा स्विच खोलला, आतल्या पितळी पात्यावर काजळी जमून काळी टीच पडली होती. उस्ताद एवढंच बोलले, "दोन कटआउटचे पैसे परत कर त्याले." एकाचे मी तेव्हाच दिले. दुसऱ्याचे पोळा झाल्यावर.

आता तुमच्या गाडीत काय करायचं ते सांगतो. पण त्याआधी मीटर तपासा. ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही : बाजारात मिळतो तो पिवळा स्वस्त मीटर, त्याच्या पोटातला ९ व्होल्टचा चौकोनी सेल उतरला की तो आकडा कमी नाही, जास्त दाखवतो. मागच्या उन्हाळ्यात आर्वीकडचा एक शेतकरी घाबरून आला होता, बॅटरीवर १६.८ येतात म्हणे. मी त्याच्याच मीटरमध्ये नवा सेल टाकला, १४.१ आले. गाडीला हात लावला नाही, चहा पाजून परत पाठवला. तर नवा सेल टाका, अन् शेजाऱ्याच्या चांगल्या गाडीवर एकदा मीटर लावून पाहा.

मग गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी बॅटरीवर मोजा. चांगली, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. मोजताना मीटरची टोकं क्लॅम्पवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा. खुंटी अन् क्लॅम्प यांच्यामध्येही बुरशी बसून व्होल्ट अडकतात.

आता इंजिन चालू करा. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, पट्ट्यात अडकला तर माणूस ओढला जातो. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटीला आणि काळं टोक कटआउटच्या त्या टर्मिनलला, जिथे चाबीकडून वायर येते. बॉडीला नाही. प्लस ते प्लस. नवख्याला वाटतं की दोन्हीकडे प्लसच आहे तर मीटर काय दाखवणार? वाट साफ असेल तर काहीच दाखवणार नाही, ०.१ किंवा ०.२ फार तर. तुमच्याकडे १ च्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. जेवढा आकडा येईल तेवढे व्होल्ट तुमचा कटआउट तुमच्या बॅटरीला जास्तीचे पाजून राहिला आहे.

आता चोर शोधायचा. लाल टोक बॅटरीवर तसंच ठेवा. काळं टोक वाटेनं एकेक टप्पा मागे आणा : कटआउटचं टर्मिनल, मग फ्यूजची कटआउटकडची बाजू, मग फ्यूजची चाबीकडची बाजू, मग चाबीच्या स्विचमधून बाहेर येणारी वायर, मग स्विचमध्ये जाणारी वायर. कुठेतरी दोन टप्प्यांच्या मधे आकडा एकदम घसरेल. समजा फ्यूजच्या अलीकडे ०.९ होता अन् पलीकडे ०.२ झाला, तर चोर फ्यूजच्या पात्यात बसला आहे. त्या जमान्यातल्या गाड्यांत फ्यूज दोन पितळी पात्यांत नुसता अडकवलेला असतो. चाळीस पावसाळे पाहिलेल्या पात्याला काय पकड राहणार? हात लावूनही कळतं. १ व्होल्टची गळती आणि सहा-साडेसहा अँपिअर करंट, म्हणजे तिथे पार्किंगच्या एका बल्बाएवढी उष्णता रोज निघून राहिली आहे. ते पातं आजूबाजूच्या पात्यांपेक्षा गरम लागेल, फ्यूजबॉक्सचं प्लास्टिक तिथे बदामी पडलेलं असेल.

फ्यूजच्या पात्यात दोष असेल तर बॅटरीची वायर काढून पातं झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, पक्कडीनं जरासं आत वाकवा, फ्यूज नवा टाका. वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या लगमध्ये असेल तर लग कापून नवा लग नीट दाबून लावा. नुसती वायर पिळून वर टेप गुंडाळू नका, पुढच्या दिवाळीला पुन्हा पत्र लिहाल.

चाबीच्या स्विचमध्ये दोष असेल, आणि मला राहून राहून वाटतं की तुमचा तिथेच असेल, तर स्विच खोलून साफ करता येतो, पण आतली स्प्रिंग उडाली की शोधत बसा. नवा मिळाला तरी आता मिळतात ते फार दिवस चालत नाहीत. मी अशा गाडीत रिले टाकतो, म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा वेगळा स्विच. शे-दीडशे रुपयांचा चार पायांचा साधा रिले, हॉर्नला लावतात तोच. ३० नंबरच्या पायाला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, तिच्यात बॅटरीच्या जवळच १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून कटआउटचं टर्मिनल. ८५ बॉडीला अर्थ. आणि चाबीकडून येणारी जुनी वायर आता ८६ ला. रिलेच्या कॉइलला करंट नावापुरताच लागतो, त्यामुळे स्विचमधून व्होल्टभर गळालं तरी रिले खट करून लागतो आणि कटआउटला बॅटरीचा खरा आकडा सरळ दिसतो.

इथे एक चूक हमखास होते, माझ्याकडच्या पोरांनीही केली आहे. जुनी वायर कटआउटवरून काढायची विसरतात, ती तिथेही ठेवतात आणि ८६ लाही जोडतात. मग चाबी बंद केली तरी ८७ वरून करंट उलटा फिरून ८६ ला येतो, रिले स्वतःच स्वतःला धरून ठेवतो आणि इंजिन बंदच होत नाही. चाबी हातात अन् गाडी चालू, मालक म्हणतो भूत लागलं. जुनी वायर फक्त ८६ वर. काम झाल्यावर चाबी बंद करून कटआउटच्या टर्मिनलवर मोजा, शून्य आलं पाहिजे. काही आलं तर रात्रभर कॉइलमधून बॅटरी उतरत राहील. याच कारणासाठी उस्तादांसारखी बॅटरीवरून थेट वायर कायमची ठेवू नका. तो तपासायचा प्रकार झाला.

आता समजा मी चुकलो. प्लस ते प्लस मोजलं अन् ०.१ च आला. मग कटआउटची अर्थ पाहा. इंजिन चालू ठेवून कटआउटच्या पत्र्याच्या अंगापासून बॅटरीच्या मायनस खुंटीपर्यंत मोजा. इथेही ०.१-०.२ च्या वर काही नको. तुमचा कटआउट नंतर ठोकलेला आहे. ठोकणाऱ्यानं रंगावरच स्क्रू मारला असेल, रंगाखाली गंज चढला असेल, तर कटआउटचे पायच जमिनीवर टेकलेले नाहीत. त्यालाही कमीच दिसणार. रंग खरवडून, स्टार वॉशर टाकून, वेगळी अर्थ वायर थेट इंजिनला मारा. इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतची जाड पट्टीही मोजून घ्या.

दोन्ही साफ निघाले तर मग मात्र कटआउट किंवा अल्टरनेटर. इंजिन बंद करून कटआउटवरून फील्डची वायर, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या कॉइलला जाणारी, काढा, तिचं टोक टेपनं झाका, इंजिन चालू करा. व्होल्टेज १२ च्या घरात पडलं तर कटआउट आत शॉर्ट आहे. वायर काढूनही १५ च्या वर जात असेल तर फील्डची वायर कुठेतरी सोलून शॉर्ट झाली आहे किंवा अल्टरनेटरच्या आत दोष आहे. नव्या अल्टरनेटरची पाळी आली तर ती इथे, सगळ्यात शेवटी. तुमच्या मिस्त्रीनं शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मीही केली होती, म्हणून त्याला फार बोलत नाही.

जाता जाता त्या नावाबद्दल. अल्टरनेटरच्या गाडीत खरं म्हणजे कटआउट नसतोच. डायनामोच्या काळी एका डब्यात दोन-तीन कॉइल असायच्या. त्यातली एक, इंजिन थांबलं की बॅटरीचा करंट डायनामोत उलटा जाऊ नये म्हणून वाट तोडायची, ती कटआउट. अल्टरनेटरमध्ये ते काम डायोड करतात, ते करंट एकाच दिशेनं जाऊ देतात. उरला तो व्होल्टेज धरून ठेवणारा रेग्युलेटर. पण आपल्याकडे डब्याचं नाव पडलं ते पडलं. दुकानात रेग्युलेटर मागाल तर पोरगा घरगुती पंख्याचा काढून देईल, म्हणून मीही कटआउटच म्हणतो.

आकडा किती असावा? पुस्तकात १३.८ ते १४.४ लिहिलेलं असतं. ते साधारण २५ अंशांचं गणित आहे. बॅटरी जेवढी गरम तेवढं तिला कमी व्होल्टेज पुरतं, अंदाजे एका अंशाला ०.०२ व्होल्ट. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, बोनेटखाली बॅटरी ५५ च्या पुढे सहज जाते. तीस अंश वाढले म्हणजे ०.६ व्होल्ट कमी हवेत. म्हणून नवतपाच्या दुपारी १३.६-१३.८ दिसले तर माझ्या दुकानात मी खूश होतो, अन् जानेवारीच्या पहाटे १४.५ दिसले तरी काळजी करत नाही. सतत १४.८ च्या वर असेल तर शोध घ्यायचा. तुमच्यासारखं १५.२ आपल्या उन्हात म्हणजे बॅटरीला चुलीवर ठेवल्यासारखं आहे. पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, आतल्या प्लेटा उघड्या पडतात, जाळी सडते, डबा फुगतो. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर समजा फारच झालं. हायड्रोजन ठिणगीनं फुटतो, म्हणून त्या बॅटरीजवळ बिडी नाही, काडी नाही, रात्री पाणी पाहायला टेंभाही नाही. ॲसिड डोळ्यांत उडालं तर चोळत बसू नका, पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा अन् दवाखाना गाठा. बाहेर सांडलेल्यावर खायचा सोडा टाकता येतो, पण सेलच्या आत कधीही नाही.

तुमची फुगलेली बॅटरी परत जागेवर येणार नाही. आधी वाट दुरुस्त करा, आठ दिवस आकडा पाहा, मग नवी घ्या. जुनी दुकानदाराला द्या, तिच्या शिशाचे पैसे वजा होतात. उलटं केलंत, आधी नवी बॅटरी टाकली, तर तीही होळी पाहणार नाही.

राहिला शेजाऱ्यांचा एलईडी. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की साध्या बल्बाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, म्हणून तुमचे बल्ब भराभर उडतात. उडणारा बल्ब तुम्हाला काहीतरी सांगून राहिला होता. त्याच्या जागी एलईडी लावला तर तो गप्प बसेल आणि बॅटरी उकळतच राहील. शेजाऱ्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका.

दुरुस्तीनंतर वहिनींनाच पुन्हा शेजारी बसवून रात्री फेरी मारा. ब्रेक दाबल्यावर दिवे उजळले नाहीत की काम झालं.

प्रश्न : आमच्या गावचे मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढतात. गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग चांगलं, असं सांगतात. परवा असंच केल्यावर माझ्या व्हॅनचा टेप बंद पडला आणि आता चार्जिंगही होत नाही. याचा संबंध आहे का? (पुसद)

उत्तर : आहे. ही डायनामोच्या जमान्यातली सवय, अन् तेव्हाही ती काही चांगली नव्हती. अल्टरनेटर करंट ओतत असतो आणि बॅटरी तो पित असते. टर्मिनल ओढलं की पिणाराच गेला, पण कॉइलमधला जोर लगेच थांबत नाही. क्षणभर व्होल्टेज पन्नासच्याही वर उसळू शकतं. त्यात कटआउट जातो, डायोड जातात, टेप जातो. नव्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर जातो आणि मग बिल पाहून माणूस खाली बसतो. तुमच्या व्हॅनमध्ये आधी मोठे फ्यूज पाहा, ते ठीक असतील तर अल्टरनेटर काढून डायोड तपासावे लागतील. टेपचं मी काही सांगू शकत नाही. त्या मिस्त्रीला शंभर रुपयांचा मीटर भेट द्या, स्वस्त पडेल. आणि लक्षात असू द्या, सैल क्लॅम्प खड्ड्यात उडून उडून हेच काम थोडं थोडं रोज करत असतो. हातानं हलला तर आजच आवळा.

प्रश्न : आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो, दर्यापूरकडे. बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही. बॅटरीत आरओचं पाणी चालेल का? एसीचं थेंब थेंब पडतं ते? कोणी म्हणतं पावसाचं चांगलं.

उत्तर : बोअरचं तर नावच घेऊ नका. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या पाण्यातलं मीठ बॅटरीच्या प्लेटांना खातं. आरओ मीठ कमी करतो, शून्य करत नाही. पाणी उडून जातं आणि उरलेलं मीठ आतच राहतं, दर वेळी थोडं थोडं साचत. एसीचं पाणी दिसायला स्वच्छ, पण ते धुळीच्या जाळीवरून अन् धातूच्या पात्यांवरून घरंगळत आलेलं असतं. पावसाचं पाणी आमचे जुने लोक वापरायचे. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्यायचे अन् मोकळ्या आभाळाखाली काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात धरायचं, टिनावरून ओघळलेलं नाही. पण बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी एवढं काही महाग नाही की त्यासाठी भांडी मांडून बसावं.

पाणी प्लेटांच्या वर बोटभरच, काठोकाठ नाही. प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर गाडी फिरवून आणल्यावर टाका, आधी टाकलं तर फुगून वर येतं आणि ॲसिड पत्र्यावर सांडतं. अन् महिन्यातून एकदापेक्षा जास्त टाकावं लागत असेल तर पाण्याचा प्रश्न सोडा, वरचं राळेगावचं पत्र पुन्हा वाचा आणि मीटर लावा.